रेतीतलं गाऱ्हाणं

त्या दिवसांत देवाशी माझं बोलणं जवळजवळ तुटलंच होतं. दिवा लावत होते, फुलं वाहत होते, पण हात जोडले की मागणं सुचायच्या आधी राग यायचा. आमचे हे कऱ्हाडच्या बाजारात गुळाच्या सौद्यांत बोली पुकारायचे. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यालाही भाव कळावा असा खणखणीत आवाज. एका सकाळी अर्धांगाचा झटका आला आणि देवाने नेमका तोच आवाज काढून घेतला. हातपाय हळूहळू सावरले, बोलणं मात्र गेलं ते गेलंच. वर्ष होत आलं तरी तोंडून एक शब्द नाही. नवस झाले, उपास झाले. डॉक्टर म्हणत, प्रयत्न करत राहा. पण ह्यांनी प्रयत्न करणंच सोडून दिलं होतं. घरी कुणी आलं की मागच्या खोलीत जाऊन बसायचे.

माझा धाकटा भाऊ सुरेश भाड्याने मॅटाडोर चालवायचा. तो म्हणाला, "ताई, भावोजींना समुद्र दाखवून आणू. लॉज नको, पाहुणे नकोत. दोन दिवस गाडीतच राहायचं." गाडीत माल राहतो, माणसं कशी राहतील, असं मी म्हणणार होते, पण ह्यांचा चेहरा उजळलेला दिसला. कारण मला लगेच कळलं. गाडीत त्यांना कुणी काही विचारणार नव्हतं.

सुरेशने मागची बाकं काढून फळ्या टाकल्या, वर गादी घातली. खिडक्यांना माझ्या जुन्या पातळाचे पडदे लागले. स्टोव्ह, कळशी, पिठाचा डबा घेऊन शनिवारी आम्ही कुंभार्ली घाट उतरलो आणि चिपळूणवरून गुहागरच्या बाजूला लागलो. हौसेच्या मानाने हाल फार. वाऱ्यापुढे स्टोव्ह टिकेना, पोळीत रेती कचकचे, आंघोळीची आणि बाकीची पंचाईत तर विचारूच नका. असं राहणं कुणा पुरुषानेच शोधून काढलं असणार, असं मी सुरेशला सुनावलंसुद्धा. पण हे गाडीच्या दारात पाय सोडून समुद्राकडे बघत बसले होते. इतकं शांत मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं, त्यामुळे माझी कुरकुर मी गिळून टाकली.

रविवारी सकाळी हेदवीच्या दशभुज गणपतीचं दर्शन घेतलं. तिथे मी काहीच मागितलं नाही. मागून मागून दमले होते. दर्शनानंतर सुरेशने पुढच्या एका निवांत किनाऱ्यावर गाडी उतरवली आणि रेती घट्ट आहे म्हणत थेट पाण्याजवळ नेली. जेवून निघायला लागलो तर मागची चाकं जागच्या जागी फिरत खाली खाली जाऊ लागली. त्यात भरती लागलेली. सुरेश वाडीकडे धावला आणि दहा-बारा माणसं घेऊन आला. एवढी माणसं बघताच हे आत शिरले आणि त्यांनी पडदा ओढला.

त्या माणसांत एक वयस्कर गुरव होते. ते म्हणाले, "आत कोन बसू नका, भार व्हतो." तेव्हा हे खाली मान घालून उतरले. गुरवांनी विचारलं, "पावनं, कुठनं आलात?" ह्यांनी तोंड फिरवलं. मीच सांगितलं, "त्यांना बोलता येत नाही. आजारात वाचा गेली." गुरवांनी हळहळ केली नाही. एवढंच विचारलं, "नारल हाय काय?"

देवळासाठी घेतलेल्यांतला एक उरला होता, तो मी दिला. सुरेश घायकुतीला आला होता. "बाबा, पाणी चढतंय, आधी ढकलू या."

"त्याच्या हद्दीत हाव आपण. त्याला आधी सांगाया नको?" असं म्हणून गुरव नारळ धरून गावदेवाच्या दिशेने उभे राहिले. बाकीचेही गोळा होऊन उभे राहिले. आमच्याकडे घाटावर मी असलं गाऱ्हाणं कधी ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात म्हणाले.

"ही पावनी मंडली आज तुझ्या दारात आलीत."

"व्हय म्हाराजा."

"त्यांची गाडी रुतलीय, ती सुखरूप भायेर काढ."

"व्हय म्हाराजा."

मग गुरव आमच्याकडे न बघताच म्हणाले, "आनि ह्या दादाची वाचा कुठं रुतली असंल, तर तीपन तूच भायेर काढ."

"व्हय म्हाराजा."

त्या शेवटच्या 'व्हय'मध्ये माझ्या शेजारून एक आवाज आला. घोगरा, खरखरीत, पण माझ्या ओळखीचा. वळून पाहिलं तर हे स्वतःच इकडेतिकडे बघत होते, कोण बोललं म्हणून. मग त्यांनी आपल्या गळ्याला हात लावला. मी तिथेच रेतीत बसले. समोर पाणी चढत होतं, पण भीती म्हणून कसली ती उरली नव्हती. एवढ्या मोठ्या कुणासमोर आपण बसलो आहोत असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

गुरवांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "आता लावा खांदा." चाकांखाली झावळ्या घातल्या, सगळ्यांनी जोर लावला, ह्यांनीही लावला. गाडी वर आली. मी गुरवांच्या पाया पडायला गेले तर ते मागे सरकले. "माझा काय त्यात, बाय? मी निस्ता सांगितला."

डॉक्टरांनी नंतर कारणं सांगितली. असं कधी कधी होतं, म्हणाले. असेलही. मी वाद घातला नाही. पुढे शब्द एकेक करून परत आले, अडखळत का होईना. सौद्यात पुकारणं काही पुन्हा जमलं नाही.

लोकांच्या नजरेपासून ह्यांना लपवायला मी गाडीत बिऱ्हाड थाटलं आणि देवाने आम्हाला लोकांच्याच मधोमध आणून उभं केलं. वर्षभराच्या मुकेपणानंतर ह्यांचा पहिला शब्द माझ्या वाट्याला आला नाही, तो देवाला होकार देण्यात गेला. आधी थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? आता मी दिव्यापुढे बसून काही मागत नाही. दिवसभराचं जे असेल ते त्याच्या कानावर घालते, सुखाचं आणि दुखण्याचंही. माझं सांगून झालं की शेजारी बसलेले हे सावकाश म्हणतात, "व्हय म्हाराजा."