बदल जतन करायचे का?

कचेरीसमोरच्या टायपिंगच्या दुकानात काकू बावीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करत होत्या. त्यांचं वाकडं होतं ते फक्त कॉम्प्युटरच्या एका चोंबड्या प्रश्नाशी. कागद नुसता उघडा, छापा, एक अक्षर बदलू नका, तरी बंद करताना हा विचारणारच: ‘बदल जतन करायचे का?’

“कसले डोंबलाचे बदल!” म्हणत काकू ‘नाही’ दाबायच्या. दिवसातून पन्नासदा. पुढेपुढे त्या प्रश्न वाचेनाशाच झाल्या. तो यायच्या आत बोट तयार असायचं.

मग काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. माणूस जन्माचा बडबड्या, त्याला गप्प बसवतंय थोडंच! दुकानात काकूंशेजारी खुर्ची टाकून ते एका बोटाने टाइप करत बोलायचे. त्यांची वेगळी फाइलच होती. ‘पंखा कमी कर.’ ‘हा वकील थापा मारतोय.’ काकू वाचून हसायच्या आणि ती फाइल मात्र आठवणीने जतन करायच्या.

एका दुपारी काकू गिऱ्हाइकाचे कागद घेऊन समोर कचेरीत गेल्या. उठताना फाइल जतन करून गेल्या. तासाभराने येऊन बघतात तर पान भरलेलं आणि काका घामाघूम.

“अहो, एवढं काय लिहिलंत?”

आत्ता नको, सावकाश वाच, असं खुणेने सांगून काका घरी गेले. लाजले होते चक्क.

तेवढ्यात एकजण धावत आला. “काकू, माझा अर्ज! कचेरीची खिडकी बंद होतेय!”

काकूंनी घाईघाईने समोरचं सगळं बंद केलं. प्रश्न आला, बोट पडलं. पडल्यावर कळलं.

घरी जाऊन त्या ढसाढसा रडल्या. “पुसलं हो मी सगळं. परत लिहाल ना?” काकांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खुणेने सांगितलं, उद्या.

सकाळीच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ते परत आले नाहीत.

पानावर काय होतं? प्रेम असेल, तक्रार असेल, नाहीतर वकिलाच्याच चहाड्या. कुणालाच कधी कळणार नाही, आणि या एका गोष्टीने काकूंच्या काळजाला घरं पडली आहेत.

आता रोज दुपारी काकू ती फाइल उघडतात. शेवटची ओळ त्या दुपारी काकू उठल्या तेव्हाची: ‘तू ये जाऊन, तोवर मी लिहितो.’ बंद करताना प्रश्न येतो. एक अक्षर बदललेलं नसतं. काकू तो पूर्ण वाचतात आणि ‘हो’ दाबतात.