बरणीतली नागली

आमच्या पेठ रोडवरच्या खोलीत टीव्हीशेजारी एक काचेची बरणी असायची. तिच्यावरच्या कागदावर उडी मारणारा गुटगुटीत मुलगा होता. दुधात घालून प्यायच्या पावडरची बरणी. नव्वदीची शेवटची वर्षं होती. जाहिरातीत ती पावडर पिणारी मुलं शर्यत जिंकायची आणि त्यांच्या आया बाजूला उभ्या राहून समाधानानं हसायच्या. माझी आई त्या मुलांकडे नाही, आयांकडे बघायची, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आम्ही पेठकडच्या डोंगरातले. वडील सातपूरच्या कारखान्यात लागले म्हणून नाशकात आलो. गावाहून नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं यायचं. आई नागली भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, सावलीत वाळवून जात्यावर दळायची आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळायची. गूळ घालून केलेली त्या सत्त्वाची खीर धाकटी बहीण रोज सकाळी प्यायची.

पहिलीत गेल्यावर तिनं हट्ट धरला. वर्गातल्या सगळ्या मुली बरणीतलं पितात. वडिलांनी एक बरणी आणली. ती महिन्याच्या आत संपली. आईनं ती धुतली नाही. वरचा कागद भिजला असता. कोरड्या फडक्यानं आतून पुसली आणि तिच्यात आपलं सत्त्व भरलं.

बहिणीला चव वेगळी लागली असेल, पण ती बरणीकडे बघत बघत पेला संपवायची. "बघ ताई, वाढले ना मी?" म्हणून दाराच्या चौकटीशी उभी राहायची. वर्षभर हे चाललं. मला माहीत होतं, मी गप्प होते.

मग मी कॉलेजात गेले. आमच्या घरातून पहिलीच. एकदा वर्गातली मैत्रीण घरी आली. बरणी बघून म्हणाली, "अय्या, मी ही कोरडीच खाते." तिनं चमचाभर तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. "हे काय गं, पीठ?"

मला इतकी लाज वाटली की मी हसले. म्हणाले, "आईचे उद्योग. रिकाम्या बरणीत नागली भरून ठेवते. गावठी आहे गं ती."

आई स्टोव्हपाशी चहा गाळत होती. बहिणीनं तिला विचारलं, "खरं, आई?"

"नागली हाय, बाय," आई म्हणाली. "पन ताकद तीच हाय."

दुसऱ्या दिवसापासून बहिणीनं खीर सोडली आणि चहा धरला. आईनं समजावलं नाही, रागावलीही नाही. उरलेलं सत्त्व भाकरीच्या पिठात मिसळलं, बरणीत साखर भरली. पुन्हा नागली भिजत घातली नाही.

शेवटच्या वर्षाला कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धेत विषय होता, जाहिराती समाजाला तारक की मारक. मी मारक म्हणून बोलले. टाळ्याही मिळाल्या. बरणीबद्दल मात्र बोलले नाही. बोलले असते तर मी हसले होते तेही सांगावं लागलं असतं, आणि ते कोणत्या बाजूला धरायचं हे मला अजून कळत नाही.

त्याच वर्षी बहीण सारखी थकायला लागली. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त कमी आहे. गोळ्या देते. मोड आणून नाचणीचं सत्त्व करता येतं का हो तुम्हाला?"

आईनं एकदा माझ्याकडे बघितलं. "नाय येत," ती म्हणाली.

येतं, असं मी म्हणायला हवं होतं. मी गोळ्यांचा कागद घेतला आणि बाहेर आले.

औषधांच्या दुकानात नाचणी सत्त्वाचा खोका मिळाला. त्यावर डोंगरातली एक बाई डोक्यावर टोपली घेऊन हसत होती. आई रिक्षात ते चित्र बघत राहिली.

"लुगडं असं नाय नेसत," एवढंच बोलली.

घरी आल्यावर तिनं पातेलं ठेवलं आणि खोका माझ्या हातात दिला. "काय लिवलंय ते वाच."

मी वाचत गेले. एक पेला पाणी. दोन चमचे सत्त्व. गुठळ्या होऊ न देता ढवळा. आई माझ्या प्रत्येक वाक्यासाठी थांबत होती आणि मी सांगेन तसं करत होती.