इन्स्पेक्शनसाठी रंगवलेले टँकर

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमची पेट्रोल प्लाटून, म्हणजे इंधनाचे टँकर चालवणारी तुकडी, उन्हाळ्यापुरती वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या बाजूला रेल्वेच्या एका जुन्या सायडिंगवर पोस्ट झाली. मी तेव्हा हवालदार होतो. माझं गाव पवनार. त्यामुळे पोस्टिंगची ऑर्डर वाचली गेली तेव्हा पोरांनी मला बरंच चिडवलं, हवालदार साहेबांनी घरून डबा यायची सोय करून घेतली म्हणून. त्या उन्हाळ्यात मी घरी एकदाच गेलो.

काम फौजेचं रोजचं नव्हतं. एका सरकारी कारखान्याला ॲसिटोन लागायचं आणि ते आणणाऱ्या ठेकेदाराच्या गाड्या बंद पडल्या होत्या. रेल्वेच्या वाघिणीतून आमच्या टँकरमध्ये ॲसिटोन भरायचं आणि रस्त्याने कारखान्यावर पोचवायचं. सिव्हिलमधल्या वाचकांसाठी सांगतो. बायका नखांचा रंग पुसतात ते ॲसिटोन. बाटलीत असतं तेव्हा गरीब. टँकरभर असलं की त्याच्याशी अदबीने वागावं लागतं. ते छप्पन्न अंशाला उकळतं. मे महिन्यात आमच्याकडे उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावून बघा, मग मी काय म्हणतो ते कळेल. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते आणि लांब कुठे विस्तव असला तर तो शोधून काढते.

म्हणून शिस्त कडक होती. लोडिंग सूर्य उगवायच्या आत सुरू. आधी अर्थिंगची तार जोडायची, मगच झाकण उघडायचं. टँकर काठोकाठ भरायचा नाही, माल उन्हाने फुगतो, त्याला वर जागा सोडायची. टाकीच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह रोज हाताने दाबून बघायचा, कारण आत दाब वाढला की वाफ तिथूनच बाहेर पडते. ऊन चढायच्या आत गाड्या रवाना. एखादी राहिलीच तर ती शेडमध्ये उभी करायची आणि टाकीवर ओली पोती टाकायची. सायडिंगवर खिळ्यांचे बूट बंद, सगळ्यांनी कॅनव्हासचे पीटी शूज घालायचे. खिळा लोखंडावर घासला तर ठिणगी उडते. हे सगळं आम्हाला आमच्या साहेब लोकांनीच क्लास घेऊन शिकवलं होतं आणि फळ्यावर लिहून पाठ करून घेतलं होतं. पुढे जे झालं ते कोणाला माहीत नव्हतं म्हणून झालं नाही. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक अरुण थूल होता. पुलगावला लागून नाचणगाव आहे, तिथला. आईबाप शेतमजूर, हा घरातला पहिला नोकरदार. लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायकोचं नाव सुमन. थूल बोलायचा कमी, पण बोलला की माझ्याशी आमच्या भाषेत. बाकी प्लाटूनमध्ये हिंदी चालायची, त्यामुळे आम्ही दोघं बोलायला लागलो की साताऱ्याकडचे जवान हसायचे. थूलला त्याचं काही नव्हतं. "हासू द्या जी," म्हणायचा, "त्यायले तरी कुठं मराठी येते."

मग इन्स्पेक्शनचं पत्र आलं.

फौजेत इन्स्पेक्शन म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. जे हलत नाही त्याला चुना आणि गेरू. जे हलतं त्याला ऑलिव्ह ग्रीन. दगडं रंगली, झाडांचे बुंधे रंगले, पाण्याच्या बादल्या रंगल्या. टँकर रंगवायला दुसरीकडून पेंटिंग पार्टी आली. त्यांनी टाक्या रंगवल्या, झाकणं रंगवली आणि हात सैल सोडून व्हॉल्व्हसुद्धा रंगवले. दोन-दोन हात मारले. चकाचक.

कोणी म्हणेल, ॲसिटोन तर रंग विरघळवतं. विरघळवतं, आणि तिथेच घात झाला. पुढच्या लोडिंगला वाफेने आतला रंग मऊ पडला, ओघळून स्प्रिंगमध्ये गेला आणि रात्री तिथेच डिंकासारखा आवळून बसला. सकाळी मी व्हॉल्व्ह दाबून पाहिले. आमचे टँकर चार, चारपैकी एकाचाही व्हॉल्व्ह हलेना.

मी सुभेदार साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "इन्स्पेक्शन के बाद खुरच लेना. अभी रंग खराब मत करो."

मी कॅप्टन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "दो घंटे की बात है, हवालदार."

आणि ऑर्डर काय निघाली? चारही टँकर भरलेले हवेत, कारण साहेबांना काम चालू आहे असं दिसलं पाहिजे. शेडमधून बाहेर, मैदानात, एका ओळीत, दोरी लावून. पोती काढा, गबाळी दिसतात. जवानांनी परेडचे बूट घालावेत. ज्यांनी फळ्यावर नियम लिहिले त्यांनीच ते एका सकाळीत पुसून टाकले, आणि कशासाठी, तर कोणाच्या तरी डोळ्यांना बरं दिसावं म्हणून. आज इतकी वर्षं झाली तरी हे लिहिताना माझ्या डोक्यात तिडीक जाते.

इन्स्पेक्शनचे मोठे साहेब दहाला येणार होते. दहाचे अकरा झाले, अकराचे बारा. आम्ही गाड्यांशेजारी सावधान-विश्राम करत उभे. मैदानाच्या खालच्या अंगाला शामियाना होता आणि त्याच्यामागे चहाची भट्टी पेटलेली. वारा जेमतेम होता, पण होता तो शामियान्याकडे.

साडेबाराच्या सुमारास दुसऱ्या टँकरजवळून थूलचा आवाज आला.

"हवालदार साहेब, टाकी बोलून राह्यली."

मी जवळ गेलो. पत्रा आतून टणटण वाजत होता. झाकणाच्या रबराजवळून बारीक शीळ येत होती. वासाने डोळे चुरचुरले. व्हॉल्व्ह बंद, त्यामुळे वाफ झाकणातून वाट काढत होती आणि टाकीवरून खाली उतरत होती. गाडी हलवायची सोय नव्हती. त्या वाफेत इंजिन चालू करणं म्हणजे काडी ओढण्यासारखंच.

मी ओरडलो, "भट्टी बुझाओ. सब लोग पीछे, हवा के ऊपर की तरफ." लांगऱ्याने, म्हणजे आमच्या स्वयंपाक्याने, चहाचं अख्खं पातेलं भट्टीवर ओतलं. त्याचे उपकार. जवान वारा येत होता त्या बाजूला मागे सरले. सुभेदार साहेब आधी मला दम द्यायला आले, वास आल्यावर फोम आणायला धावले.

थूल खाली बसून बूट काढत होता.

"काऊन बूट काढून राह्यला बे?" मी विचारलं.

"खिळे हायेत जी याले. वर चढा लागते. वालव सोडवतो, नाही तं हे फुटन. एक फुटली तं चारही जातीन."

"मी चढतो."

"तुमी रेडिओ पाहा. गाड्या थांबवा रस्त्यावरच्या."

तो बरोबर होता. पितळी पाना आणि ओलं पोतं घेऊन तो अनवाणी वर चढला. त्या पत्र्यावर भाकर भाजली असती. त्याने आधी पोतं झाकणावर टाकलं, मग गुडघ्यावर बसून व्हॉल्व्ह खरवडायला लागला. मी सेट उचलला.

"गेट, कोई गाडी अंदर नहीं आएगी. गैस है. ओव्हर."

"गेट से. साहब की गाडी आ गई है. ओव्हर."

"रोको. इंजन बंद कराओ. ओव्हर."

मग गेटवरचा शिपाई म्हणाला, "झंडे वाली गाडी है, उस्ताद. मैं कैसे रोकूं? ओव्हर."

त्याला मी दोष देत नाही. झेंडा लावलेली गाडी दिसली की सॅल्यूट मारायचा, एवढंच त्याला शिकवलं होतं. ती गाडी थांबवायची असते हे कोणी शिकवलं नव्हतं.

गाडी आत आली. मी हात वर करून धावलो. त्याच क्षणी वर थूल ओरडला, "सुटला!" व्हॉल्व्ह उघडला होता, वाफ सरळ वर जायला लागली होती. पण जी आधीच खाली सांडली होती ती मैदानभर पसरलेली होती. गाडी शामियान्याजवळ पोचली आणि जमिनीवरून एक निळसर ज्वाळ धावत टँकरकडे आली. मला ढकलल्यासारखं झालं आणि मी पडलो. उठून पाहिलं तर टाकीच्या डोक्यावर आग होती आणि थूल त्या आगीत होता.

तो स्वतः उडी मारून उतरला. आम्ही पोत्यांत गुंडाळला. टँकर फुटला नाही. व्हॉल्व्ह सुटलेला होता म्हणून आग तोंडाशीच जळत राहिली आणि सुभेदार साहेबांच्या पार्टीने ती फोमने विझवली. बाकीच्या तीन टँकरवर आम्ही पाणी मारत राहिलो. मोठ्या साहेबांना ओरखडाही आला नाही. त्यांचा ड्रायव्हर आणि मी थोडे भाजलो, बाकी सगळे धडधाकट.

थूलला वर्ध्याला नेलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी त्याच्याजवळ होतो. त्याने एकच विचारलं, "बाकीच्या गाड्या?"

"ठीक आहेत," मी म्हणालो.

"मंग झालं," म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

मग चौकशी बसली. मी साक्षीला उभा राहिलो. रंगाचं सांगायला लागलो तर मला विचारलं तेवढंच बोलायला सांगितलं.

"मृत जवान के पैर में बूट थे?"

"नहीं सर, क्योंकि..."

"हां या ना."

"ना, सर."

एवढं त्यांना पुरलं. थूल विनापरवानगी आणि गणवेशाविना टाकीवर चढला, त्याच्या हयगयीमुळे आग लागली, असा निकाल झाला. पेंटचा उल्लेख नाही. उन्हाचा नाही. झेंड्याच्या गाडीचा तर नाहीच. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मी त्या दिवशी सॅल्यूट मारत गिळली. मागाहून मी वर तीन अर्ज केले. "विचाराधीन" याच्यापुढे उत्तर आलं नाही. त्याच साली पुढे नवी ऑर्डर निघाली, की व्हॉल्व्ह रंगवू नयेत आणि भरलेले टँकर इन्स्पेक्शनला उभे करू नयेत. म्हणजे चूक कोणाची होती हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

ऐंशीनंतर मी रिटायर होऊन पवनारला आलो. सुमनबाई नाचणगावातच होत्या, सासूला सांभाळून मजुरीला जात होत्या. एकदा वर्ध्याच्या एका कार्यालयातून त्यांना बोलावणं आलं. मी सोबत गेलो. मदत मंजूर झाली होती, पण आधी एका कागदावर सही करायची होती. बाबूने कागद वाचून दाखवला. पतीचा मृत्यू त्याच्या स्वतःच्या हयगयीमुळे झाला हे मला मान्य आहे, असा मजकूर होता.

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, थे हयगयीनं मेले काय?"

"नाई," मी म्हणालो.

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. बाबूने समजूत घातली. "बाई, तुमच्याच फायद्याचं आहे. माणूस तर काही परत येत नाही."

"थे मले मालूम हाय," सुमनबाई म्हणाल्या. "तुमी असं लिवा, का त्यायनं एवढ्या मानसायले वाचवलं. मंग मी करीन सही."

"असं लिहायची सोय नाही त्यात," बाबू म्हणाला.

सुमनबाई उठल्या. बसस्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. त्या रडल्या नाहीत, मलाच मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे कामावर गेल्या. ती मदत त्यांना कधीच मिळाली नाही.

बाबूकडे सोय नव्हती, माझ्याकडे आहे. म्हणून मी लिहितो. लान्स नायक अरुण थूल, राहणार नाचणगाव, अनवाणी टाकीवर चढला कारण बुटांना खिळे होते. व्हॉल्व्ह त्याने सोडवला. त्या दुपारी मैदानात उभे असलेले आम्ही बाकीचे सगळे, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांसकट, पुढे आपापल्या घरी जाऊन जेवलो.