परत आलेली ओटी

आज दिवसभर एक नारळ घेऊन फिरतेय, म्हणून लिहितेय.

आमच्या शेळीपालन प्रकल्पाला पैसे देणाऱ्या परदेशी संस्थेच्या मॅडम आज कवठे महांकाळजवळच्या एका गावात आल्या होत्या. निघताना बचत गटाच्या हिराबाईंनी त्यांची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. मॅडमनी दोन्ही हातांनी घेतली, फोटोही काढून घेतला.

ऑफिसात आल्यावर मला म्हणाल्या, "आम्हाला भेटवस्तू घेता येत नाहीत. आभार मानून परत देऊन ये." मी सांगितलं, ही भेट नाही, ओटी आहे, ती परत करत नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "नियम सगळ्या देशांत एकच आहे." बाई वाईट नाही, हेच तर अवघड आहे.

दुपारी परत गेले. ओटीची पिशवी बघून हिराबाईंचा चेहरा उतरला. "आवं ताई, आमचं काय चुकलं का?"

मी नियमाचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "नियम असंल. पण लेक नांदायला पाठवावी आन् तिला दारातनंच माघारी धाडावं, तसं वाटतंय."

त्यांनी पिशवीला हात लावला नाही.

इकडचं तिकडे समजावून सांगायचा मला पगार मिळतो. आज दोन्हीकडे समजावून झालं. दोघींनीही ऐकून घेतलं.

नारळ अजून माझ्या गाडीच्या डिकीत आहे. फोडवत नाही, टाकवत नाही. परत आलेला नारळ आता कुणाच्या ओटीत घालायचा, सांगाल का कुणी?