पोटगीचं भात

मी मुरबाडहून निघालो तेव्हा आई बैलगाडीमागे ओढ्यापर्यंत चालत आली होती. "बायकोला नेत नायस, निदान पोरीला इसरू नको रे," एवढंच म्हणाली. बायको तान्ह्या पोरीला घेऊन माहेरी, सापगावला होती. सासऱ्याशी माझं भांडण झालेलं, आणि त्यानेच तिला आणून सोडावी असा माझा हट्ट. चूक माझीच होती. गावच्या मंडळींनो, आज ते कबूल करतो.

मुंबईत गिरणीत लागलो. इकडे सासऱ्याने शहापूरच्या कोर्टात अर्ज केला आणि पोरीला महिना चार रुपये पोटगी द्यायचा हुकूम झाला. वर्षभर मनीऑर्डर नेमाने गेली. मग गिरणीला टाळं लागलं. मी आईला निरोप धाडला की माझ्या वाटणीचं भात सापगावला पोचव, ते पोटगीत धरतील.

आईने पोचवलं. पण व्याह्यांच्या अंगणात उभं राहून पोटगीचं नाव काढायची तिला लाज वाटली. चार पोती भात, वर गूळ आणि परकराचं कापड. म्हणाली, "नातीला खायाला आणलंय." आमच्याकडची कुठलीही आई हेच बोलली असती.

पोटगी थकली म्हणून सासरा पुन्हा कोर्टात गेला. तिथे त्याने तेवढंच सांगितलं, खोटं काही नाही. "भात आजीनं दिलं, सायेब. बापानं काय दिलं?" मला महिनाभर तुरुंग झाला. वाटलं, बसलो म्हणजे फिटलं. बाहेर आलो तर बाकी जशीच्या तशी, गिरणी पुन्हा चालू झालेली आणि माझी नोकरी गेलेली. कोंडलेल्या माणसाने कमवायचं कसं, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही. पुन्हा महिने तुंबले, पुन्हा वॉरंट निघालं.

मग गावच बंद झालं. आईचा निरोप यायचा, "पाटील इचारून गेला. येऊ नको रे." चाळीतले गाववाले शिमग्याला निघाले की मी म्हणायचो, ड्यूटी आहे. आई गेली तेव्हाही मी खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. इतका भित्रा मी स्वतःला कधी पाहिला नव्हता.

लढाईच्या दिवसांत दुसऱ्या गिरणीत ओव्हरटाइम मिळाला आणि सगळी बाकी भरली. तोवर पोरीचं लग्न होऊन गेलं होतं, मला न कळवता. पत्ता काढत तिच्या सासरी गेलो, ओटीवर बसलो. तिने पाणी आणून दिलं.

"पाव्हणं, कुठलं तुमी?"

"मुरबाडकडचा."

"माजा बापूसबी तिकडचाच," ती म्हणाली. "पन तो कदी आला नाय."

पाणी प्यालो आणि उठलो.

माझ्याबरोबर मुंबईला आलेल्यांनो, तुम्हाला कोणी घर विचारलं तर तुम्ही गावाचं नाव सांगाल. मी काय सांगू? आता माझ्यावर वॉरंट नाही, वाटेत कोणी अडवत नाही, तरी मला घरी जाता येत नाही.