शून्य साठ्याचं साम्राज्य

आम्ही चाकणच्या कारखान्यातली माणसं. हातात काहीही द्या, आम्ही त्यात सुधारणा करतो. देवाने माणूस घडवण्याआधी आम्हाला विचारलं असतं, तर दोन-चार सांधे सहज वाचले असते.

धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे जावईबापू, माणच्या एका आयटी कंपनीत. त्यांनी दोन वर्षं खपून कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवला. एकाच नदीकाठी प्रत्येकाने आपलं गाव वसवायचं आणि वाढवत वाढवत साम्राज्य करायचं. खेळणारे जावईबापू, मी आणि माझ्या लाइनवरचे दोघे. हल्ली मात्र आम्ही खेळता खेळता पेंगायचो. एका रविवारी रावेतच्या घरी आम्हाला बसवून ते म्हणाले, "दादा, पुढच्या सुधारणा तुम्ही तिघं सुचवा. तरी कंटाळलात, तर मी खेळच बंद करतो." चेहरा असा, जणू पोटचं पोर वसतिगृहात ठेवायला निघालेत.

झालं! भिंतभर चिठ्ठ्या चिकटल्या. जत्रा? वेळेचा अपव्यय, काढा. राजाचा दरबार? नुसती मीटिंग, काढा. माझा एक सोबती चाकणच्याच जुन्या गावातला. तो गरजला, "कोठारं कशापायी? माल पडून ऱ्हायला न्हाई पायजे. लागंल तवा आणायचा!" आमच्या कारखान्याचा मंत्रच तो! मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. कोठारं गेली, त्यांच्यामागे पाण्याचे हौदही गेले. जावईबापूंनी निमूटपणे सगळं तसंच करून दिलं.

पुढच्या रविवारी चाचणी. अर्ध्या तासात चारही साम्राज्यं अशी गुळगुळीत चालू लागली, की आम्हाला कामच उरलं नाही. माझ्या दुसऱ्या, लातूरकडच्या सोबत्याने जबडाभर जांभई दिली. जावईबापूंनी ती पाहिली, सुस्कारा सोडला आणि खेळ बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात पोह्यांच्या बशा ठेवून बहीण म्हणाली, "थांबा हो, मला एकदा खेळू द्या." बहीण सोसायटीच्या पाण्याचं बघते. टँकरवाले तिला वचकून असतात. तिने नदीच्या उगमाजवळची, कुणालाच नको असलेली डोंगराळ जागा घेतली.

"दादा, बांध घातलाय हं."

"घाल, घाल!" मी सम्राटाच्या आवाजात म्हणालो.

दोन चालींत माझी प्रजा तहानेने गाव सोडून निघाली. लातूरकराचं सैन्य पळालं. तो ताडकन उठला, "ओ ताई, पाणी सोडा की!"

"दिवसाआड येईल. हौद भरून ठेवायचे."

आम्ही तिघांनी पोह्यांत तोंड घातलं.

"अगं, निदान माझ्या गावाला तरी," जावईबापू कळवळले.

"अर्ज करा. रांग आहे."

जावईबापूंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "दादा, तुमचं उरलंसुरलं सैन्य माझ्याकडे पाठवा," ते म्हणाले. "आणि हो, संध्याकाळपर्यंत कुणीही घरी जायचं नाही."