नुसती चव घेतली होती

माझा धाकटा भाऊ वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी. सगळे त्याला पळीदादा म्हणायचे. पातेल्यातला रस्सा पळीने तळहातावर घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचा आणि हाताखालच्यांवर खेकसायचा, "मीठ काय पुढच्या महिन्यात घालणार आहात?" दिवसभर हेच. सगळ्यांची पानं उठली की शेवटी बसायचा, तेवढंच त्याच्या लेखी जेवण. चव घेणं हे काम होतं.

शौचातून रक्त पडतंय हे त्याने कित्येक दिवस लपवलं. एरवी एवढा तोंडाळ, पण तिथे दातखीळ बसली! कपडे भिजवताना मला डाग दिसले, तेव्हा मी त्याला अक्षरशः ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, कोलोनोस्कोपी करू. बारीक दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघू.

"घालणार कुठून?" त्याने विचारलं. उत्तर ऐकलं आणि उठलाच. "तायडे, चल घरी."

"गप बस खाली," मी म्हटलं.

बाईंनी शांतपणे समजावलं. गुंगीचं इंजेक्शन देतात, त्यामुळे फारसं काही कळत नाही. घरी न्यायला मात्र कुणीतरी सोबत हवं. सगळी मदार आतडं साफ असण्यावर. काही दिवस बिया, सालं, कोंडा बंद. आदल्या दिवशी फक्त नितळ पातळ प्यायचं आणि जुलाबाचं औषध शेवटच्या घोटापर्यंत संपवायचं. हा शहाण्यासारखा माना डोलवत होता.

आदल्या दिवशी रजा घे म्हणून मी डोकं फोडून घेतलं. ऐकेल तर शपथ. "मी नसलो तर ती पोरं कच्चं खातील," म्हणत गेला. आल्यावर औषधाचा पहिला घोट घेतला आणि म्हणाला, "हे कुणी बनवलंय? पाठव त्याला माझ्याकडे शिकायला." पण प्यायला सगळं. "सकाळपासून अन्नाचा कण नाही पोटात," असं केविलवाण्या तोंडाने सांगत होता, आणि मला बिचाऱ्याची दया येत होती.

तपासणीनंतर बाईंनी आत बोलावलं, तर मला म्हणाला, "तू गाडी बघ, मी ऐकून येतो." अर्धवट गुंगीत होता, त्याला एकट्याला सोडायला नको होतं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काही सापडलं नाही." माझ्या जिवात जीव आला.

वर्ष उलटून गेलं आणि त्याची विजार कमरेवर राहीना. मग एकदा चुलीपाशीच कोसळला. पुन्हा त्याच डॉक्टरीणबाई. त्याला बघून त्यांनी पहिलं विचारलं, "तुम्ही परत का आला नाहीत?"

"परत म्हणजे?" मी विचारलं.

तेव्हा कळलं. आतडं साफच नव्हतं, अर्ध्याच्या पुढे काही दिसलं नव्हतं. लवकर पुन्हा तपासणी करा, असं त्यांनी बजावलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "खोटं का बोललास रे?"

"खोटं कुठे? सापडलं नव्हतंच." मग मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही खाल्लं असणार, असं बाई म्हणाल्या मला. दिवसभर भुकेला राहिलो आणि मीच खोटारडा? नुसती चव घेतली होती गं. पातेल्यापातेल्याची." म्हणजे बिया, सालं, सगळंच थोडंथोडं पोटात गेलेलं. रागाने पाय ठेवला नव्हता पुन्हा तिथे.

मी आणखी बोलणार होते, पण बाई हळूच म्हणाल्या, "काम काय करता, हे मी विचारायला हवं होतं."

पुन्हा तपासण्या झाल्या. कर्करोगाची गाठ आता आतड्यापुरती राहिली नव्हती, यकृतापर्यंत पोचली होती. उपचार होतील, पण बरं होणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सख्खी बहीण. तुमचीही तपासणी करायला हवी."

माझ्या पथ्याला मग हा पलंगावरून राखणदार. मी पाण्याचा पेला उचलला तरी "काय पितेस, दाखव" म्हणायचा. जुलाबाच्या औषधाच्या पेल्याचा तळ त्याने मला दाखवायला लावला.

तपासणीला लेक सोबत होती. गुंगी उतरल्यावर बाईंनी दोघींना बसवून सांगितलं: आतड्यात एक पॉलिप होता, म्हणजे छोटासा कोंब, दाण्याएवढा. त्याच वेळी काढून टाकला. वाढला असता तर पुढे त्याचा कर्करोग होऊ शकला असता. मी सुटले होते. आनंद व्हायला हवा होता, पण घराकडे पाय उचलेना. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

तो वाटच बघत होता.

"होता?"

"होता. एवढासा. काढला."

"सगळा?"

"सगळा."

"बरं झालं बाई," म्हणाला आणि हसला. मनापासून हसला, खोटं नाही. मी त्याची उशी सारखी केली. मग तो म्हणाला, "तायडे, तेव्हा माझाही एवढासाच असेल ना गं?"

"छे रे! तुझा तेव्हाच मोठा होता. बाईंनीच सांगितलं मला. तेव्हा परत तपासायला गेला असतास तरी काही उपयोग नव्हता."

बाई असं काही म्हणाल्या नव्हत्या.

"असं होय," तो म्हणाला. आणि कित्येक दिवसांनी त्याला शांत झोप लागली.